हौद्याचा सौदा

पिकअप घ्यायला माणूस सहसा एकटा येत नाही. सोबत मेहुणा असतो, गावातला एखादा मुरलेला ड्रायव्हर असतो, कधी ओळखीचा फिटर असतो. कार घ्यायला आलेलं कुटुंब आधी सीटवर बसून बघतं. ही मंडळी थेट मागे जातात. फाळका उघडतात, हौद्याची लांबी पावलांनी मोजतात, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघतात. पहिला प्रश्न "क्रेट किती बसतील?" आणि दुसरा "हप्ता किती बसेल?" किमतीचा विषय त्यानंतर निघतो. ही गाडी मिरवायला घ्यायची नसते, तिने स्वतःचे पैसे स्वतः फेडायचे असतात.

नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात पोचवणारा, दूध संकलन करणारा, मंडपाचं सामान वाहणारा, विटा-वाळू पुरवणारा हा सगळा वर्ग पिकअपवर उभा आहे. टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल आणली, तिच्यातूनच पुढे टाटा २०७ रस्तोरस्ती दिसू लागली. महिंद्रांनी जीपच्या दणकट सांगाड्याची परंपरा मालवाहू गाडीत उतरवली आणि 'बोलेरो पिकअप' हे नाव खेडोपाडी पिकअपचं दुसरं नाव होऊन बसलं. २००५ मध्ये आली टाटा एस. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात घडलेली ही दोन सिलिंडरची, साधारण सव्वादोन लाखांची गाडी. मालवाहू रिक्षा चालवणाऱ्याला तिने चार चाकं दिली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' केलं. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली आणि गिऱ्हाइकाला भाव करायला आणखी एक शोरूम मिळालं.

या गाड्यांचा आकार अभियंत्यांइतकाच कायद्याने ठरवला आहे. गाडी, माल आणि माणसं मिळून एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल, तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. म्हणून कितीतरी मॉडेलं या रेषेच्या जेमतेम अलीकडे थांबतात. दुसरी रेषा ७,५०० किलोची. तिच्या आतली मालवाहू गाडी कारच्या, म्हणजे हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा वेगळा परवाना न काढता स्टिअरिंगवर बसतो, तो यामुळे.

पण शोरूममध्ये एक वाक्य हळू आवाजात ऐकू येतं : "पासिंग दीड टनाचं आहे दादा, पण गाडी तीन टन ओढते." पासिंग म्हणजे कागदावर मंजूर असलेला भार. गाडी त्याहून जास्त ओढतेही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. घाटात ब्रेक तापतात आणि पाटे बसतात, तो हिशेब वेगळाच. जादा पाटे टाकून घेतले म्हणून पासिंगचा आकडा वाढत नाही.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाख एक्स-शोरूम असलेली गाडी एवढ्या एका बदलाने सुमारे ७८ हजारांनी उतरते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवर या कराची वजावटही मिळू शकते. कारवर ती सहसा मिळत नाही. एक्स-शोरूम किमतीवर चढतो आरटीओचा कर आणि विमा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये होता, कारच्या कितीतरी पट. मग ताडपत्री, कमानी, म्युझिक सिस्टिम. गाडीवर डीलरला सुटणारी रक्कम घासाघिशीत बारीक होते. विमा, फायनान्स, अ‍ॅक्सेसरीज आणि पुढचं सर्व्हिसिंग यांवर तो ती भरून काढतो. यात लबाडी असतेच असं नाही, पण गिऱ्हाइकाने हे ओळखून बोललेलं बरं.

खरा सौदा होतो तो फायनान्सवाल्याच्या टेबलावर. इथे दोन दर चालतात, फ्लॅट आणि घटत्या शिलकीवरचा. समजा आठ लाखांचं कर्ज आहे, चार वर्षांसाठी, व्याज दहा टक्के. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे २०,२९० रुपये बसतो. तोच दहा टक्के फ्लॅट असेल तर २३,३३३. चार वर्षांत फरक पडतो जवळजवळ एक लाख शेहेचाळीस हजारांचा. दोन्हीकडे तोंडी सांगितला जाणारा आकडा 'दहा टक्के'च. ज्याच्या नावावर जमीन किंवा जुनी गाडी आहे, त्याला दर बरा मिळतो. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला जामीनदार शोधावा लागतो आणि दरही चढा द्यावा लागतो. ज्याला सवलतीची गरज जास्त, त्यालाच कर्ज महाग पडतं, ही या धंद्यातली सर्वांत मोठी खोट.

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना शोरूमच्या आवारात हार घातलेल्या पिकअपची रांग लागते. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडतात, पेढे वाटले जातात. मुहूर्ताची घाई असलेलं गिऱ्हाईक कागद वाचत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

म्हणून पिकअप घेणाऱ्याने मुहूर्ताच्या आठवडाभर आधी चार गोष्टी कराव्यात. ऑन रोड किमतीची फोड लेखी घ्यावी. व्याज फ्लॅट की घटतं, हे करारात वाचावं. विमा बाहेरूनही घेता येतो, तेव्हा दुसरीकडचा दर मागवावा. आणि महिन्याच्या खात्रीच्या भाड्यातून डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार वजा करून उरेल तेवढाच हप्ता कबूल करावा. शेवटचा हप्ता भरल्यावर फायनान्स कंपनीकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यायला विसरू नये. तो उतरल्याशिवाय गाडी विकायला निघालात, तर गिऱ्हाईक परत जाईल.