खातं तुमचं, नंबर कुणाचा?

एलआयसीचा आयपीओ मे 2022 मध्ये आला. त्याच्या आधी आमच्या शिवडीत डीमॅट खात्यांचा हंगामच लागला होता. पॉलिसीधारकाला शेअरमागे 60 रुपयांची सूट मिळणार होती, आणि गिरणगावात एलआयसीची पॉलिसी नसलेलं घर शोधूनच काढावं लागतं. सूट हवी तर पॉलिसीला पॅन जोडा आणि डीमॅट खातं उघडा, असा मामला. टोकरशी जीवराज रोडच्या आमच्या बाजूला ही कामं एकाच मुलानं निपटली. पोरगा हुशार, बोलायला गोड, कुणाकडून एक रुपया घेतला नाही. पण कुणाकडे ई-मेल नव्हता, कुणाचा फोन बटणांचा, कुणी रिचार्ज संपला की महिनाभर तसाच ठेवणारं. मग त्यानं सरळ अर्जात आपलाच मोबाइल नंबर आणि आपलाच ई-मेल टाकला. एकच नंबर दोन खात्यांना लावायचा तर नातं जवळचं लागतं: नवराबायको, अवलंबून असलेली मुलं किंवा आईवडील. त्यामुळे कागदोपत्री या पोराला बरेच आईवडील झाले.

मी फोर्टात एका ब्रोकरच्या पेढीत डीमॅटचं टेबल सांभाळून निवृत्त झाले. त्यामुळे शेजारचे लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. मध्यंतरी समोरच्या वहिनी आल्या. ‘काकू, पासवर्ड कठीण ठेवलाय हो, कुणाला सांगितला नाही,’ म्हणाल्या. मी म्हटलं, पासवर्ड राहू दे, आधी क्लायंट मास्टर आणा.

हा एक-दोन पानांचा कागद ब्रोकरकडे मागितला की मिळतो, पुष्कळांच्या ॲपमधूनही उतरवता येतो. वर सोळा अंकी खाते क्रमांक; एनएसडीएल या डिपॉझिटरीचं खातं असेल तर सुरुवातीला ‘आयएन’ आणि पुढे चौदा आकडे. खाली नाव, पॅन, पत्ता, बँक, नॉमिनी. आणि मध्ये कुठेतरी, कुणी बघत नाही अशा जागी, मोबाइल आणि ई-मेल. वहिनींच्या कागदावर पत्ता त्यांचा, बँक त्यांची, सही त्यांची. मोबाइल त्या पोराचा. ई-मेल त्याच्या क्रिकेटच्या टीमच्या नावाचा.

आता बघा, पासवर्ड विसरलात तर ब्रोकरचं ॲप काय करतं? नोंदलेल्या मोबाइलवर आणि ई-मेलवर ओटीपी पाठवतं आणि नवा पासवर्ड ठेवू देतं. म्हणजे तुम्ही कितीही कठीण पासवर्ड ठेवा, खऱ्या अर्थानं खातं त्याचं, ज्याच्या हातात ती दोन ठिकाणं आहेत. पोरगा प्रामाणिक आहे हो, त्यात वाद नाही. पण त्याचा फोन लोकलमध्ये मारला गेला, किंवा त्यानं व्हॉट्सॲपवर आलेली ‘लग्नपत्रिका’ उघडली, तर? ती पत्रिका फोटो नसते, एपीके फाइल असते. इन्स्टॉल केली आणि परवानगी दिली की आलेले एसएमएस गुपचूप दुसरीकडे पाठवत बसते. एकट्याचा फोन गेला नि मजलाभर लोकांची खाती उघडी पडली, असा हा प्रकार.

नंबर आपलाच असला म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. डिसेंबर 2018 मध्ये माहीमच्या एका व्यावसायिकाला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन मेलेला. चौकशी केली तर कळलं, त्याच्याच नावानं नव्या सिमची मागणी झाली होती. तोवर बँकेतून 1 कोटी 86 लाख रुपये वेगवेगळ्या खात्यांत गेले होते. याला सिम स्वॅप म्हणतात. पुढे नियम आवळले: सिम बदललं की पहिले 24 तास त्यावर एसएमएस बंद राहतात, आणि जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. तरी फोनची रेंज अचानक गेली आणि शेजाऱ्याची मात्र आहे, तर टॉवरला शिव्या घालत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा.

तिसरी गोष्ट गेलेल्या माणसाच्या नंबरची. आमच्याकडे कितीतरी खात्यांवर अजून गेलेल्या नवऱ्याचा एमटीएनएलच्या डॉल्फिनचा नंबर आहे. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी कुठल्या अनोळखी खिशात वाजतोय, देव जाणे.

यावर हमखास प्रश्न येतो: काकू, पण शेअर विकले तरी पैसे माझ्याच बँकेत येणार ना, चोराला काय मिळणार? प्रश्न अगदी बरोबर आहे. नोंदलेली बँक सोडून पैसे दुसरीकडे जात नाहीत. सीडीएसएलच्या खात्यातले शेअर विकताना टीपिन आणि ओटीपी मागतात ते वेगळंच. म्हणून चोर पैसे काढायच्या भानगडीत पडत नाही. तो तुमच्या खात्यातून अशा ऑप्शनवर ऑर्डर टाकतो, ज्याला बाजारात गिऱ्हाईकच नाही. समोर विकणारा तोच, दुसऱ्या खात्यातून. दोन रुपयांची वस्तू तुम्ही पन्नासला घेता, पुन्हा दोनला विकता. तुमचा तोटा तो त्याचा नफा, आणि व्यवहार दिसायला शेअर बाजाराचाच. तुमची बँक कुठे मध्ये आलीच नाही.

आमच्या वेळी चोरी कागदाची व्हायची. शेअर सर्टिफिकेट टपालात गहाळ व्हायचं, ट्रान्स्फर डीडवरची सही जुळत नाही म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे परत यायचे. 1996 चा डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी एनएसडीएल सुरू झाली, 1999 मध्ये सीडीएसएल. एनएसडीएलचं ऑफिस वर्षानुवर्षं कमला मिलच्या आवारात होतं, सीडीएसएल मफतलाल मिलच्या. ज्या भोंग्यांवर इथली घरं उठायची, त्याच आवारांत देशभरच्या लोकांचे शेअर नुसत्या नोंदी होऊन बसले. कागदाची कटकट गेली, सहीची मात्र राहिली. ब्रोकरला सरसकट मुखत्यारपत्र द्यायची तेव्हा रीतच होती, आणि डिलिव्हरी स्लिपचं पुस्तक कोऱ्या सह्या करून ब्रोकरकडे ठेवणारे लोक मी स्वतः पाहिलेत. ‘रोज रोज कोण येणार फोर्टात?’ म्हणायचे. नोव्हेंबर 2019 मध्ये सेबीनं कार्वी या ब्रोकर कंपनीवर आदेश काढला तेव्हा ही सवय किती महाग पडते ते देशाला कळलं. ग्राहकांचे शेअर गहाण टाकून कंपनीनं कर्ज उचललं होतं, रक्कम दोन हजार कोटींच्या पुढे. त्यानंतर मुखत्यारपत्राची जागा डीडीपीआय नावाच्या मोजक्या अधिकारांच्या कागदानं घेतली. माझं मत विचाराल तर महिन्यातून एखाददुसरा शेअर विकणाऱ्यानं तोही देऊ नये. टीपिन टाकायला मिनिट लागतं.

वहिनींचं काय केलं ते सांगते. त्यांच्या नावाचा वेगळा नंबर घेतला, आणि त्या सिमला पिन लावला, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय चालत नाही. तीनदा पिन चुकला की सिम पीयूके कोड मागतं, म्हणून तो कागदावर लिहून गॅसच्या कार्डाबरोबर ठेवलाय. ई-मेल त्यांचा स्वतःचा काढला, त्याचा पासवर्ड ब्रोकरच्या पासवर्डपेक्षा निराळा. लॉगिनला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप जोडलं. त्यात दर तीस सेकंदांनी नवा आकडा येतो. तो फोनमध्येच तयार होतो, टपालासारखा बाहेरून येत नाही, त्यामुळे सिम पळवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मग ब्रोकरकडे बदलाचा फॉर्म, त्यावर सही, आणि आठवड्यानं पुन्हा क्लायंट मास्टर मागवून नजर टाकली. हा शेवटचा फेरा लोक विसरतात. फॉर्म दिला म्हणजे बदल झाला असं नसतं, हे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईकडून ऐका.

डिपॉझिटरीकडून एकत्रित स्टेटमेंट येतं, व्यवहार झाला तर त्या महिन्याचं, नाहीतर सहा महिन्यांनी. ते आलं की उघडायचं. आणि भलतीच ऑर्डर दिसली तर आधी ब्रोकरकडून खातं गोठवून घ्यायचं. जुलै 2024 पासून प्रत्येक ब्रोकरला ऑनलाइन खातं गोठवायची सोय देणं भाग आहे. त्यासाठी बहुतेकांचा ‘स्टॉपट्रेड’ नावानं सुरू होणारा ई-मेल पत्ता असतो. तो आजच शोधून फोनमध्ये ठेवा. बँकेतून पैसे गेले असतील तर 1930 हा नंबर, तोही त्याच तासात.

मजल्यावरच्या बाकीच्यांचे फॉर्म हळूहळू भरले. पोरगाही सुटल्यासारखा झाला; रात्री-अपरात्री दुसऱ्यांचे ओटीपी येऊन तो कंटाळला होता. फक्त कोपऱ्यातले अण्णा ऐकेनात. त्यांच्या खात्यात एलआयसीचे पंधरा शेअर, एक लॉट. ‘पंधरा शेअरांसाठी माझ्याकडे कोण झक मारायला येतोय?’

मी म्हटलं, अण्णा, चोराला तुमचे शेअर नकोतच. दुसऱ्याला लुबाडताना समोरून विकणारं एक खातं लागतं त्याला, ज्याचं पॅन खरं, पत्ता खरा, आणि मालक कधी उघडून बघत नाही असं. पोलीस शोध घेत निघाले की पहिलं दार त्याच पत्त्याचं वाजतं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘फॉर्म मराठीत आहे का?’ म्हणाले.

नव्हता. मी शेजारी बसून भरून घेतला.