खारघर : घरे आली, मेट्रो मागून

नवी मुंबईचा आराखडा मांडताना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांचा आग्रह एकच होता : घराजवळ काम. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने ९५ गावांच्या परिसरात स्वतंत्र नोड, म्हणजे छोटी उपनगरे, आखली. खारघर त्यांपैकी एक.

घरे भराभर उभी राहिली. एकट्या ‘स्वप्नपूर्ती’ योजनेत, सेक्टर ३६ मध्ये, ३,५९० घरे. ती अल्प उत्पन्न आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांसाठी, म्हणजे ज्यांना बस-लोकलशिवाय पर्याय नाही त्यांच्यासाठी. रेल्वे स्टेशन मात्र पार दुसऱ्या टोकाला, सायन-पनवेल महामार्गालगत. कामावरून परतणाऱ्याने लोकलमधून उतरायचे आणि शेअर रिक्षात चौथा म्हणून अंग चोरून बसायचे.

बेलापूर-पेंधर मेट्रोचे भूमिपूजन २०११ मध्ये झाले, गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. ११ किलोमीटरच्या मार्गाला बारा वर्षे! आता उत्सव चौक, सेंट्रल पार्क, पेठपाडा ही स्थानके थेट वस्तीत आहेत.

मेट्रो आली, पण पाण्याचा प्रश्न आहेच. ते येते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून. तरी उन्हाळ्यात सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर दिसतात. आणि घराजवळचे काम? नोकऱ्यांसाठी सिडकोने कॉर्पोरेट पार्क आखले आहे. ते उभे राहीपर्यंत सकाळची गर्दी मुंबईकडेच.