पाय दुखतात? निर्गुडीचा शेक घ्या, पण आधी ताप बघा

भातलावणी सुरू झाली की पेण-रोहा पट्ट्यात घरोघरी कंबर आणि गुडघे कुरकुरू लागतात. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गडबसारख्या गावात दिवसभर चिखलात वाकून रोपे लावल्यावर रात्री शेक हवासा वाटतो. त्यासाठी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली वनस्पती म्हणजे निर्गुडी.

ओढ्याकाठी, बांधावर, कुंपणाला हे झुडूप सहज वाढते. एका देठाला तीन ते पाच पाने, पानांची खालची बाजू पांढुरकी, चुरगळल्यावर उग्र वास आणि निळसर-जांभळे तुरे ही तिची ओळख. शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणासाठी ती सोयीची. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी तिरकी कापून जमिनीत खोचली की ती जगते. खत-फवारणी लागत नाही. पाणी साचणार नाही अशी जागा मात्र निवडावी. वर्षातून एकदा छाटणी केली की कोवळी पाने भरपूर येतात.

आयुर्वेदात निर्गुडी वातविकारांवर सांगितली आहे. २००३ मध्ये श्रीलंकेतील संशोधकांनी ताज्या पानांचा अर्क उंदरांना दिला, तेव्हा सूज आणि वेदना दोन्ही कमी झाल्या. माणसांवरचे मोठे अभ्यास मात्र कमी आहेत. म्हणून बाहेरून शेकण्यासाठी ती वापरावी, पोटात घ्यायची असेल तर वैद्यांना विचारूनच. गरोदर महिलांनी पोटात घेणे टाळावे.

शेकासाठी दोन मुठी पाने पाण्यात दहा मिनिटे उकळावीत. त्या पाण्यात फडके बुडवून, पिळून, सोसवेल इतके गरम असताना दुखऱ्या भागावर ठेवावे. किंवा पानांना तिळाचे तेल लावून ती तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधावीत. जखमेवर किंवा नुकत्याच मुरगळलेल्या, सुजलेल्या पायावर गरम शेक देऊ नये. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही, तेव्हा पाण्याची उष्णता घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावी.

अंग दुखले की रोज वेदनाशामक गोळी घेण्याची सवय जठराला आणि मूत्रपिंडांना महागात पडते. कष्टाच्या दुखण्यावर शेक आणि विश्रांती पुरत असेल तर त्या गोळ्या कमी होतात, हा निर्गुडीचा मोठा फायदा.

पण याच दिवसांत, याच चिखलातून दुसरे एक दुखणे येते. ते म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या भेगा, जखमांतून शरीरात शिरतात. साधारण एक-दोन आठवड्यांनी एकाएकी ताप चढतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या ठणकतात की हात लावू देत नाहीत. लावणीचा शीण समजून घरी शेकत बसले तर मोलाचे दिवस वाया जातात. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

फरक ओळखणे अवघड नाही. कष्टाचे दुखणे विश्रांतीने दोन-चार दिवसांत उतरते आणि त्यात ताप नसतो. पोटऱ्या दुखत असतील आणि ताप असेल, तर निर्गुडी बाजूला ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नये. लेप्टो असो वा डेंग्यू, अशा तापात काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा किंवा मूत्रपिंडांचा धोका वाढतो. वेळेत प्रतिजैविके सुरू झाली तर लेप्टो बरा होतो.

पायाला जखम असेल तर शेतात उतरताना गमबूट घालावेत, घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत. आणि तापासाठी दवाखान्यात गेल्यावर, आपण चिखलात काम केले होते, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. निदान लवकर होण्यास त्याची मोठी मदत होते.