हा ल असा काऊन?

दिवाळीत लोणारला घरी गेलो तेव्हा आईच्या मोबाइलवर मी बनवत असलेलं एक पान उघडून दिलं. सरोवर, धार, दैत्यसूदन मंदिर, खाली काठावरचं कमळजा देवीचं देऊळ, कुठून कसं उतरायचं, अशी साधीच माहिती. आई निवृत्त शिक्षिका. तिनं चष्मा लावला, पहिला शब्द पाहिला आणि म्हणाली, "हा ल असा काऊन काढला रे? पोरांच्या वहीत असा आला तर मी खोडत होते."

शब्द होता 'लोणार'. आणि ल आला होता हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा.

मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे. म्हणजे काय, हे मला घरी कधी नीट सांगता आलं नव्हतं. वेबसाइटचा जो भाग डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो, तो आमचा. पैसे कोणत्या खात्यात गेले, नोंद कुठे झाली, ते मागच्या खोलीतल्यांचं काम. आमची हत्यारं तीन: मजकुराचा सांगाडा उभा करणारं एचटीएमएल, त्याला रूप देणारं सीएसएस आणि त्यात हालचाल आणणारं जावास्क्रिप्ट. नोकरीच्या जाहिरातीत रिअॅक्टसारखी नावं मोठी दिसतात, पण तीही या तिघांच्याच जिवावर. या धंद्यात आलो ते पगार बघून, हे कबूल करतो. टिकलो ते अशा ल-मुळे.

संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षराला एक युनिकोड क्रमांक असतो. मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच. आकार कसा काढायचा ते फॉन्टवर सोडलेलं. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. त्यातला कोणता दाखवायचा, हे पानाच्या सुरुवातीला लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरतं. मी जुन्या पानाचा साचा उचलला होता आणि खूण 'ईएन' म्हणजे इंग्रजीचीच राहिली होती. तिथे 'एमआर' लिहिलं. ल-ला पाकळ्या आल्या, श-ला देठ आला. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरा, असं राज्य शासनानं २०२२ मध्ये पुन्हा बजावलं होतं. आईला शासन निर्णयाची गरज पडली नाही.

मग मी पानभर अशा चुका शोधत बसलो. 'दैत्यसूदन' आपण वाचतो पाच अक्षरं. संगणक मोजतो नऊ, कारण मात्रा, उकार, हलन्त सगळं त्याला सुटं दिसतं. जागा कमी पडली म्हणून शीर्षक चौथ्यावर कापायला सांगा, तो 'दैत्' एवढंच ठेवून मोकळा. इंग्रजी मथळ्यात अक्षरं थोडी विरळ केली की रुबाबदार दिसतात. तीच युक्ती देवनागरीवर केली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात.

सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्या वयाचा प्रश्न वेगळाच निघाला. एका पद्धतीनं ते सुमारे ५२,००० वर्षं येतं, आर्गॉनच्या कालमापनानं सुमारे ५,७०,०००. मोठ्या ठळक आकड्यासाठी मी एकच चौकट ठेवली होती. ती मोडून दोन्ही आकडे सारख्याच आकारात शेजारी बसवले. कोणता आकडा मोठा दिसतो यावरून वाचक निकाल लावून टाकतो, आणि तो लावणं माझं काम नाही. आकड्यांनी मात्र त्रास दिला नाही. ब्राउझरला मराठी-भारत एवढं सांगितलं की अंक देवनागरीत येतात आणि स्वल्पविरामही लाखाच्या जागी पडतो.

रंगात मीच फसलो. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्या फोटोतला गुलाबी उचलून मी त्यावर पांढरी अक्षरं टाकली. सुरेख दिसत होतं, वाचता येत नव्हतं. साध्या मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजेडात किमान ४.५ : १ एवढा फरक हवा, असा सुलभतेच्या निकषांचा नियम आहे. आईचा नियम त्याहून सोपा: डोळे बारीक करावे लागले की पान नापास. गुलाबी आता फक्त वरच्या पट्टीत उरला आहे.

पुढे काय करणार, असं नातेवाईक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात अमेरिका असते. माझ्या मनात सध्या एवढंच आहे, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात उतरल्यावर रेंज गेली तरी वर उघडलेलं पान फोनमध्ये उघडंच राहावं. तशी सोय ब्राउझरमध्ये आहे. पानं आधीच साठवून ठेवावी लागतात. फोटो हलके केलेत, नकाशा अजून जड आहे.

तुमच्या शाळेची, वाचनालयाची, ग्रामपंचायतीची मराठी वेबसाइट असेल तर आज तिच्यावरचा ल बघा. दंडाचा निघाला तर बनवणाऱ्याला फोन करून भाषेची खूण तपासायला सांगा. फॉन्ट बरा असेल तर काम पाच मिनिटांचं आहे.