प्रोसेसरच्या झाकणाखालची पेस्ट

जुना संगणक तापतो म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. पंख्यावरची धूळ झटका, हीटसिंक काढा, थर्मल पेस्ट बदला. बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं. पण इंटेलच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं तापमान एवढं करूनही गेम सुरू होताच नव्वदीत जातं. पेस्टचा आणखी एक थर आत असतो, त्याला कोणी हात लावलेला नसतो.

आपल्याला दिसतो तो धातूचा चौकोन म्हणजे नुसतं झाकण, निकेलचा मुलामा दिलेलं तांबं. खरी चिप, म्हणजे डाय, त्याखाली असते. 2011च्या आय7-2600केमध्ये ही दोन्ही सोल्डरने जोडलेली होती. 2012च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने या मालिकेत मध्ये पेस्ट भरायला सुरुवात केली. 2017च्या 8700केपर्यंत तेच चाललं आणि 2018च्या 9900केमध्ये सोल्डर परत आलं.

दोष सगळे पेस्टला देतात. माझ्या मते खरी गोची अंतराची आहे. झाकण कडेने काळ्या सिलिकॉन गोंदाने चिकटवलेलं असतं आणि त्या गोंदाच्या जाडीमुळे ते डायपासून किंचित वर राहतं. याच काळातल्या 4770केचा डाय सुमारे 177 चौरस मिलिमीटरचा, उष्णता 84 वॉट. पेस्टची उष्णतावाहकता 4 वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर थराच्या दर 0.1 मिलिमीटर जाडीमागे तापमान जवळजवळ 12 अंशांनी चढतं. ओव्हरक्लॉक केला की वॉट वाढतात, अंशही वाढतात. वर्षानुवर्षं तापून-निवून पेस्ट सुकते, मधून सरकते, ते वेगळंच.

झाकण उघडण्याआधी एक परीक्षा करा. प्रोसेसरवर पूर्ण भार टाका आणि आकडा बघा. क्षणात 30-40 अंशांची उडी, आणि हीटसिंक मात्र हाताला कोमटच, असं असेल तर उष्णता वाटेतच अडते आहे. हीटसिंकही चटके देत असेल तर दोष पंख्याचा किंवा कॅबिनेटमधल्या हवेचा. प्रोसेसर उघडून काही मिळणार नाही.

मॉडेल नक्की तपासा. सोल्डरवाला प्रोसेसर असा उघडायला गेलात तर डाय फुटू शकतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरला सहसा झाकणच नसतं, तिथे बाहेरची पेस्ट हीच एकमेव पेस्ट.

पूर्वी लोक दाढीच्या ब्लेडने गोंद कापायचे. ब्लेड जरा आत गेलं की डायखालच्या हिरव्या पट्टीतल्या तारा तुटायच्या, नाहीतर डायला ओरखडा. आता त्यासाठीच बनवलेला साचा मिळतो. त्यात प्रोसेसर बसवून स्क्रू हळूहळू आवळायचा. झाकण बाजूला सरकतं, गोंद सुटतो. स्क्रू अडला तर जोर करू नका, हेअर ड्रायरने गोंद थोडा गरम करा.

पुढचं काम कंटाळवाणं, पण सगळा फायदा त्यातच आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग काळा गोंद प्लॅस्टिकच्या कार्डाने झाकणावरून आणि पट्टीवरूनही पूर्ण खरवडून काढा. थोडाही राहिला तर अंतर तेवढंच राहतं.

आत चांगली साधी पेस्टही चालते. सर्वाधिक फरक पाडतो तो लिक्विड मेटल, म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू. तो वीज वाहतो, म्हणून 4770केमध्ये डायशेजारी जे बारीक भाग दिसतात त्यांवर आधी नेलपॉलिशचा थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग मोहरीएवढा थेंब डायवर ठेवून कापसाच्या काडीने घासत पसरा. सुरुवातीला तो नुसता घरंगळतो. घासत राहिलं की काचेसारखा पातळ थर चिकटतो. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तेवढाच. अ‍ॅल्युमिनियमला मात्र त्याचा स्पर्शही नको, तो धातू पार पोखरून टाकतो.

झाकण परत चिकटवायचंच असेल तर चार कोपऱ्यांवर सिलिकॉनचे ठिपके पुरेत. न चिकटवताही सॉकेटचा पट्टा ते धरून ठेवतो. फक्त खटका दाबताना झाकण सरकतं, ते बोटाने धरा.

ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरवर 10 ते 20 अंशांची घट सहज दिसते. नागपूरच्या मे महिन्यात, खोलीच चाळिशीत असताना, ती फार मोलाची. पण ऑफिसचा संगणक भाराखाली 75 अंशांवर चालत असेल तर प्रोसेसर उघडू नका. या प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास आहे आणि तिथे पोचले की ते आपला वेग आपणच कमी करतात.