मनाचें दुखणें व आपलें कर्तव्य

साथ ओसरली म्हणजे तिचें दुःखही ओसरलें, असा आपला समज असतो. परंतु साथीची एक जखम डोळ्यांस दिसत नाहीं. ती मनाची होय. तिजवर उपाय कसे योजिले जातात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

महाराष्ट्रांतील करोनाचे पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांतच सांपडले. पुढें शाळांना कुलुपें लागलीं. आमच्या खराडींतील मोठमोठ्या कचेऱ्या ओस पडल्या, आणि तेथील काम घराघरांत शिरलें. मुलांचे सोबती दुरावले. कित्येकांचीं आप्तमाणसें गेलीं, व त्यांचें अंत्यदर्शनही घडलें नाहीं. साथीच्या पहिल्याच वर्षीं चिंता व खिन्नता या विकारांत जगभर सुमारें २५ टक्के वाढ झाली, असें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें आहे.

अशा वेळीं सरकारनें काय करावें? याचें उत्तर पुण्याच्या इतिहासांत सांपडतें. १८९७ च्या प्लेगांत शिपाई घरांत शिरून रोगी शोधीत. त्या धास्तीनें लोक रोगी लपवूं लागले. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले यांनीं नदीपलीकडील मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यांत पोंचविलें. त्या सेवेंतच प्लेग होऊन १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. भयानें रोग लपतो, मायेनें तो उघड होतो, हाच यांतील बोध होय.

मनाच्या रोगाचेंही असेंच झालें. १९१२ च्या कायद्यान्वयें असे रोगी बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें वेड्यांच्या इस्पितळांत जात. जवळच्या येरवड्याचें नांव तर थट्टेचा विषय झालें. मग कोणतें कुटुंब आपलें दुःख बोलून दाखवील?

आतां धोरण पालटलें आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्यानें सरकारी खर्चानें चालणाऱ्या उपचारांचा हक्क प्रत्येकास दिला, व विम्याच्या बाबतींत मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीस आणिला. साथीनंतर, १० ऑक्टोबर २०२२ रोजीं, 'टेलि-मानस' ही योजना सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींतूनही सल्ला मिळतो. इस्पितळाची पायरी चढण्याचा ज्यास संकोच वाटतो, त्याच्या घरींच ही मदत येते.

परंतु फोन उचलून बोलण्याचें धैर्य कायदा देऊं शकत नाहीं. तें घरानेंच दिलें पाहिजे. हंसतें-खेळतें मूल अनेक दिवस अबोल राहिलें, त्याची झोंप व भूक उडाली, जगणें नकोसें झाल्याचें तें बोलूं लागलें, तर आईबापांनीं त्यास आळशी किंवा हट्टी म्हणूं नये. शांतपणें ऐकून घ्यावें व विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विद्यार्थ्यांनींही सोबत्याचें असें बोलणें गुपित म्हणून पोटांत न ठेवतां शिक्षकांच्या कानीं घालावें. ही चहाडी नव्हे.

वाटेंत पडलेल्या जखमी प्रवाशाजवळ थांबणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आपण शाळेंत ऐकतों. त्या प्रवाशाचें रक्त तरी दिसत होतें. शेजारच्या बांकावरील सोबत्याची जखम दिसणार नाहीं. म्हणून त्यास आपण होऊनच विचारावें लागेल.