साडेसहा प्रकाशवर्षांवरचं हवामान: जिथे वाळू आणि लोखंडाचे ढग आहेत!

पाऊस कुठवर आला, हे आपण मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडून पाहतो. पण जे जग मोठ्या दुर्बिणीतूनही नुसतं ठिपक्याएवढं दिसतं, तिथले ढग कसे पाहायचे?

उत्तर आहे, ठिपक्याचा प्रकाश मोजत राहायचा.

ल्युमन १६ ही तपकिरी बटूंची (ब्राऊन ड्वार्फ) जोडी २०१३ मध्ये सापडली. तपकिरी बटू म्हणजे ग्रहापेक्षा जड, पण ताऱ्यासारखी हायड्रोजनची भट्टी पेटवता न आलेला वायूचा गोळा. (नावात तपकिरी असलं तरी रंग तपकिरी नाही.) दोघांचा आकार साधारण गुरूएवढा, वस्तुमान मात्र गुरूच्या सुमारे ३० पट. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास. तिथे पाण्याचे ढग टिकणंच शक्य नाही. ढग बनतात ते सिलिकेटचे, म्हणजे वाळूसारख्या खनिजांचे, आणि लोखंडाचे!

हे ढग आतून येणारी उष्णता अडवतात. ढग विरळ असतील तिथे खालचा तापलेला थर दिसतो आणि तो भाग उजळ वाटतो. जोडीतला 'बी' सुमारे पाच तासांत स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे कधी ढगाळ बाजू समोर येते, कधी उघडी, आणि प्रकाश १० टक्क्यांहून जास्त कमी-जास्त होतो.

आता हे ढग नसून कायमचे डाग असतील तर? मग प्रत्येक फेरीत तोच चढउतार दिसायला हवा होता. पण २०१३ मध्ये चिलीतल्या ट्रॅपिस्ट दुर्बिणीने १२ रात्री पाहिलं, तेव्हा आलेखाचा आकार रोज बदलत होता. म्हणजे वातावरणच बदलत होतं.

२०१४ मध्ये चिलीतल्याच व्हीएलटी दुर्बिणीच्या मदतीने 'बी'चा नकाशा तयार झाला. त्यात उजळ आणि काळपट पट्टे नव्हते, ठिगळं होती. पुढे नासाच्या टेस दुर्बिणीने सुमारे १०० फेऱ्या टिपल्या. २०२१ मधल्या त्या अभ्यासातून निघालेलं चित्र वेगळं होतं: गुरूसारखे पट्टे, वेगवान वारे आणि ध्रुवांजवळ वादळं.

एवढा खटाटोप कशासाठी? दूरच्या महाकाय ग्रहांचं हवामानही असंच असू शकतं, पण ते ग्रह आपल्या ताऱ्याच्या झगमगाटात हरवतात. ल्युमन १६ शेजारी असा दिवाच नाही. म्हणून जुलै २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बीणही तिकडे वळली. अवरक्त प्रकाशातली प्रत्येक तरंगलांबी वातावरणाच्या वेगळ्या खोलीतून येते, त्यामुळे आता वरच्या थरातले सिलिकेटचे बारीक कण आणि खालचे दाट ढग वेगवेगळे तपासता येत आहेत.